दूरगावचे लग्न आणि पाहुण्यांचे कर्तव्य

पूर्वी लग्न म्हणजे वधूचे गाव, वराचे गाव आणि मधली वाट एवढाच पसारा असे. आता मुलगा पुण्यास नोकरीला, मुलगी हैदराबादेस, आणि लग्न मात्र गोव्यात, असे वारंवार घडू लागले आहे. बेळगाव-खानापूरकडील आपल्या घरांतही अशा पत्रिका येतात. पत्रिका हाती पडताच आनंद होतो आणि पाठोपाठ मनात हिशेबही सुरू होतो. अशा लग्नास जावे कसे, आणि मुळात जावे की नाही, याचा आज विचार करू.

प्रथम खर्चाचे पाहू. प्रवासभाडे, मुक्काम, कपडे व आहेर यांची बेरीज घरातील सर्वांनी मिळून कागदावर मांडावी. मुक्कामाची सोय यजमान करणार की आपली आपण करावयाची, हे संकोच न बाळगता आधीच विचारावे. नाताळ ते नववर्ष या दिवसांत गोव्यातील खोल्यांचे दर फार चढतात. बेरीज आवाक्याबाहेर जात असेल, तर घरातील एकदोघांनीच जावे. तेही जमत नसेल, तर कर्ज मात्र काढू नये. चार दिवसांच्या हौसेचे हप्ते वर्षभर फेडीत बसणे हे कोणत्याच यजमानाला आवडणार नाही. न येण्याचे वेळीच कळवावे, म्हणजे ताटे व खोल्या वाया जात नाहीत. आणि त्या दिवशी आपल्या गावच्या चर्चमध्ये नवदांपत्यासाठी मिस्साबलिदान अर्पण करवावे. नम्रपणे दिलेला नकार नात्याला बाधत नाही. ‘येतो’ म्हणून न जाणे बाधते.

जाण्याचे ठरल्यावर पत्रिका नीट वाचावी. एकाच संताच्या नावाची अनेक चर्चे गोव्यात आहेत. म्हणून चर्चच्या नावाबरोबर गाव व तालुकाही लिहून घ्यावा. कॅथलिक विवाहसंस्कार सहसा चर्चमध्येच होतो. समुद्रकाठचा मंडप असतो तो स्वागतसमारंभाचा. ही दोन स्थळे एकमेकांपासून दूर असू शकतात. रेल्वेने जाणाऱ्यांस बार्देश तालुक्यासाठी थिवी आणि सासष्टीसाठी मडगाव हे स्थानक सोयीचे. इंदूर, हैदराबादकडून विमानाने येणाऱ्या आप्तांना तिकिटावरील विमानतळ पाहून घेण्यास सांगावे. कारण आता गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, तर २०२३ साली सुरू झालेला मोपा उत्तरेस पेडणे तालुक्यात आहे.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, १२० दिवस नव्हे. पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र बर्थ नको असल्यास तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलास बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडे पडते. बसने जाणाऱ्यांनी चोर्ला घाटाची वळणे ध्यानात घेऊन मुलांना निघण्यापूर्वी हलकेच खाऊ घालावे. औषधे व ओळखपत्र हातातील पिशवीतच असावीत. आहेर म्हणून जड भांडी नेण्यापेक्षा पाकीट बरे.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावून न्हाऊ घालण्याची ‘रोस’ नावाची चाल आहे. त्यास हजर राहणाऱ्यांनी साधे, धुण्याजोगे कपडे जवळ ठेवावेत. रस पाहुण्यांवरही उडतो. चर्चमध्ये मात्र पोशाख शालीन असावा. विधी सुरू होण्यापूर्वी जागेवर बसावे, मोबाइल बंद करावा आणि छायाचित्रांसाठी वेदीपाशी गर्दी करू नये. ज्यांस पवित्र कम्युनियन घ्यावयाचे आहे त्यांनी पापनिवेदन गावातच करून निघावे व एक तासाचा उपवास पाळावा. रविवारी परतावयाचे असल्यास तेथील मिस्साची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.

सायंकाळच्या समारंभात केक, शुभेच्छांचा प्याला व नृत्य झाल्यावरच जेवण सुरू होते; रात्रीचे दहा वाजले तरी नवल नाही. म्हणून मुलांना व वृद्धांना आधी थोडे खाऊ घालावे. मद्याच्या बाबतीत प्रत्येकाने आपली मर्यादा राखावी. परतताना परवान्यावाचून बाटल्या नेणे हा गुन्हा आहे, हे सीमेवरील आपल्या लोकांनी विसरू नये.

एक इशारा कळकळीचा. नदी-तळ्यात पोहणाऱ्यास समुद्र कळतोच असे नाही. लाल बावटा दिसेल तेथे पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात, अंधारात व मद्य घेतल्यावर तर मुळीच उतरू नये. लग्नघरावर शोककळा पसरण्यास एका क्षणाचे धाडस पुरे होते.

दूरच्या लग्नात काही ना काही उणे पडणारच. गाडी उशिरा येईल, खोली लहान मिळेल. काना गावच्या लग्नातही द्राक्षारस संपला होता. पवित्र मरियेने ती उणीव पाहिली. पण चारचौघांत बोलून दाखवली नाही. जो ती भरून काढू शकत होता त्यालाच तिने सांगितले, आणि यजमानाची लाज राखली गेली. वाचकहो, आहेराच्या पाकिटाबरोबर हा गुणही आपण अवश्य न्यावा.