मुक्काम पोस्ट सातारा

दिवाळीच्या सुट्टीत वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलं की पाचगणीच्या अलीकडेच गाड्यांची शेपटी दिसते. पुढे वेण्णा लेकपाशी चाकं पार थांबतात. मोठी माणसं उतरून मक्याची कणसं खातात, मागच्या सीटवरची पोरं विचारत राहतात, महाबळेश्वर आलं का?

आलेलं असतं. पण सुट्टीचा अर्धा दिवस संपलेला असतो.

या गर्दीवर उपाय म्हणून आता ‘नवीन महाबळेश्वर’ उभं राहायचं आहे. सुरुवातीच्या आखणीत सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली २३५ गावं धरली होती. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. त्यातून शिकायचं ते सोडून शेजारच्या डोंगरांवर दुसरी आवृत्ती काढायची, हा हट्ट कळत नाही. मुक्कामाला गाव हवं असेल तर ते अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी तीनशे वर्षं वसलेलं आहे: सातारा.

मुळात महाबळेश्वरचं गिरिस्थान हे साताऱ्याचंच देणं. छत्रपती प्रतापसिंहांनी १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांना तिथली जागा दिली, बदल्यात खंडाळा गाव घेतलं. वर माल्कमपेठ वसली. आज पाहुणा त्या पेठेत उतरतो आणि यजमानाच्या गावाला हायवेवर कंदी पेढ्यांचा बॉक्स घेण्यापुरतं ओळखतो!

गाव मात्र ओळख करून घेण्याजोगं आहे. औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने झुंजवला. मोगलांनी सुरुंग लावले. त्यातला एक असा उडाला की तट बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. पुढे किल्ला पडला, ‘आझमतारा’ झाला, ताराबाईंच्या काळात परत आला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला आणि गडाखाली एकेक पेठ वसत गेली. त्याच गडावर आज सातारकर पहाटे चालायला जातात.

राजवाड्याजवळच्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. लंडनहून आलेली वाघनखंही २०२४ च्या जुलैत आधी इथल्याच शिवाजी संग्रहालयात मांडली गेली.

आता मुक्काम साताऱ्यात धरून नकाशा उघडावा. यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर कास; सप्टेंबरात फुलांसाठी जायचं तर आधी बुकिंग करून, पहाटे निघावं. परळीच्या अंगाला समर्थांचा सज्जनगड, त्याच रस्त्याने पुढे ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. पूर्वेला कृष्णा-वेण्णेचा संगम माहुलीत, अगदी गावाला लागून. उत्तरेला लिंबची बारा मोटांची विहीर: वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, अष्टकोनी, आणि तिच्यातच छोटा महाल! आडवाटेच्या या विहिरीसाठी महाबळेश्वरहून खास कोण उतरणार? वाईचा ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा एका दुपारी होतात. खुद्द महाबळेश्वर मेढामार्गे साधारण पंचावन्न किलोमीटर. सकाळी लवकर गेलं तर प्रतापगड करून रात्री जेवायला परत.

मे महिन्यात सातारा तापतो, हे कबूल. थंड हवेसाठीच जायचं असेल त्यांनी वरच राहावं. पण बहुतेकांना हवेपेक्षा फिरणं हवं असतं, आणि ते रांगेत बसून होत नाही.

साताऱ्यानेही जरा अंग झाडायला हवं. राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळ खाणाऱ्या परगावच्या माणसाला हा वाडा कोणाचा, हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही. रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे. तिथे उतरलेल्याने पुढे कसं जायचं, ते ज्याचं त्याने बघावं. स्कॉटलंडमधलं स्टर्लिंगही असंच किल्ल्याखालचं गाव. प्रवासी तिथे उतरून आसपासचे डोंगर नि सरोवरं पाहतात. साताऱ्याला तेवढं जमवायला नवं शहर लागत नाही. कास, सज्जनगड आणि लिंबकडे स्टँडवरून सकाळी सुटणारी एकेक दर्शन बस, पेठांमधून पायी फिरवणारे चार जाणते वाटाडे आणि वाचता येतील असे फलक, एवढ्यावर सुरुवात होते.

नव्या गिरिस्थानाच्या आराखड्यावर सही करणाऱ्यांनी त्याआधी दोन रात्री साताऱ्यात काढाव्यात.