मिनिटभराचा संयम

इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराने चक्र फिरवावे व त्याच्या बळावर सिलिंडरांत अधिक हवा भरावी, ही टर्बोची युक्ती आम्हांस मोठी मनोज्ञ वाटते. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्श '९११ टर्बो'च्या ३ लिटर इंजिनास या युक्तीने २६० अश्वशक्ती लाभली. परंतु मिनिटास हजारो फेरे घेणाऱ्या या चक्राचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. भरधाव धावून आलेले इंजिन तत्काळ बंद केल्यास तेलाचा प्रवाह खुंटतो. अडकलेले तेल करपून काजळी धरते व बेअरिंगे झिजतात. सबब, वाचकहो, अशी जुनी मोटार बाळगणाऱ्याने थांबल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवावे आणि तेल वेळेवर बदलावे. वेगाची हौस करणाऱ्याने एवढा संयम पाळलाच पाहिजे.