पाय मोजून अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्हाला पाचवीत वाक्यात उपयोग करायला दिली होती. मी काय वाक्य लिहिले ते आता आठवत नाही. पण त्या म्हणीविषयीची एक शंका तेव्हापासून मनात आहे. ही म्हण ज्याने केली त्याने आयुष्यात कधी अंथरूण शिवले असेल का? माझी आई अंथरुणे शिवते, आणि ती नेमके उलटे करते. शिवायला टाकायला आलेल्या बाईला ती आधी विचारते, ‘‘कुणासाठी पायजे? माणूस उंच हाय का बुटका?’’ आणि मगच वाकळ बेतायला घेते.

शहरात जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या माणदेशात वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, साड्या धुऊन, त्यांचे चार-पाच थर जमिनीवर सारखे पसरायचे, आणि काठापासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्यावर यायचे. वाचायला हे दोन ओळींचे काम आहे. करायला आईला एका वाकळेमागे आठ-दहा दिवस लागतात. आमची शेती पावसावर, म्हणजे भरवशाची नव्हे. त्यामुळे माझ्या कॉलेजच्या फीमध्ये आणि एस.टी.च्या पासात आईच्या टाक्यांचा वाटा मोठा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण त्या पायरीखाली कितीतरी वाकळा अंथरलेल्या आहेत.

मागल्या वर्षी आईच्या बचत गटातून तिला २५,००० रुपये कर्ज मिळायचे ठरले आणि घरात शिवणयंत्राचा विषय निघाला. शिकलेली म्हणून ‘कोणते घ्यावे’ हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोबाइलवर शोधू लागले, आणि एका रात्री अमेरिकेतल्या एका बाईंचे यंत्र पाहून थक्क झाले. त्याला तिकडे ‘लाँगआर्म’ म्हणजे लांब हाताचे यंत्र म्हणतात. आपल्या घरगुती यंत्रात सुई आणि यंत्राचा उभा खांब यांच्यामध्ये सहा-सात इंचांचीच जागा असते. चार थरांची वाकळ त्या फटीतून घालायची म्हणजे तिची वळकटी करून कोंबावी लागते. कडेला जमते, मध्यावर आले की कापड गोळा होते. लाँगआर्ममध्ये हीच जागा १८ इंचांपासून जवळजवळ ३० इंचांपर्यंत असते. शिवाय कापड हलवायचेच नाही! ते १०-१२ फुटी चौकटीवर रुळांना ताणून बसवायचे, आणि यंत्रच चाकांवर सरकवीत त्याच्यावरून फिरवायचे. हात हळू चालला काय किंवा भरभर चालला काय, टाका सारख्या लांबीचा पडावा अशी सोय त्यात असते. जे करताना आईची पाठ दुखून येते ते त्या बाई उभ्याने, हसत करीत होत्या.

मी तो चित्रपट आईला दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ह्ये ठिवायचं कुठं?’’

आमचे माजघर दहा फूट लांब आहे. त्या यंत्राची चौकट बारा फूट! किंमत तर कित्येक हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडचे लाखो रुपये. आम्ही दोघी खूप हसलो. पण खरे सांगते, हसताना माझ्या मनात एक काटा रुतून बसला. आपल्या वाट्याला हे का नाही, असा तो काटा होता.

नंतर आम्ही तालुक्याच्या गावी दुकानात गेलो. दुकानदाराने वीजमोटरवर चालणारे, पांढरे, नक्षीकाम करणारे यंत्र पुढे केले. मला ते लगेच आवडले. आईने मात्र पिशवीतून घरून आणलेला वाकळेचा तुकडा काढला, घडी घातली आणि म्हणाली, ‘‘ह्याच्यावर टीप मारून दावा.’’ दुकानदार म्हणाला, ‘‘मावशी, पातळ कापडावर बघा की.’’ आई म्हणाली, ‘‘पातळ कापड मी शिवत न्हाय, दादा.’’ दुसऱ्या टीपेला सुई मोडली. त्यात त्या यंत्राचा दोष नव्हता. ते या कामासाठी केलेलेच नव्हते. कारखान्यात असते तसले जड यंत्र तोच तुकडा झरझर शिवून गेले. पण टेबल आणि मोटरसकट सगळे कर्ज त्यात संपत होते, आणि आमच्याकडे वीज नेमकी आईच्या कामाच्या वेळी जाते. शेवटी कोपऱ्यात ठेवलेले एक जुने काळे पायमशीन आईने पुसून पाहिले. त्याने सावकाश, पण न अडखळता सगळे थर शिवले. किंमत साडेपाच हजार. आईने तेच घेतले आणि गटाकडून तेवढेच कर्ज उचलले.

परत येताना मी बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बोलले, आणि जे बोलले त्याची आजही लाज वाटते. ‘‘तू थोडक्यात समाधान मानतेस, म्हणूनच आपण असे राहिलो,’’ असे मी आईला म्हणाले. तिने उत्तर दिले नाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्या वेळात यंत्राला तेल घालून तिने पहिली वाकळ बेतली.

या घटनेवर मी वर्षभर विचार करते आहे. आईने समाधान मानले होते की निवड केली होती? माझ्या मते या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपला समाज ते पुसून टाकतो. गरिबाला समाधानाचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. व्यासपीठावरून आम्हाला सांगितले जाते की आहे त्यात सुख माना. पण ज्याला दुकानाच्या आत कधी बोलावलेच नाही, त्याने दाराबाहेर उभे राहून सुख मानायचे, याला समाधान म्हणायचे काय? ती निमूटपणाची सक्ती आहे. आईला कर्ज मिळाले नसते आणि ती हातानेच शिवत राहिली असती, तर तिच्या ‘समाधाना’चे कौतुक करायचा कोणालाही अधिकार नव्हता. हाताशी पैसा होता, समोर तीन यंत्रे होती, हातात स्वतःच्या कामाचा तुकडा होता, आणि मग ती ‘हे पुरे’ म्हणाली. म्हणून ते समाधान खरे.

नाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हा तरुणांना बोचणारी आहे. काही महिन्यांनी शेजारच्या काकूंनी तेच पांढरे यंत्र घेतले. मी रोज जाऊन त्याच्या नक्षीकडे पाहत असे आणि घरी येऊन आईला विचारत असे, ‘‘आपले बरोबर चालते ना?’’ एके दिवशी आई म्हणाली, ‘‘मशीन चांगलं हाय का वंगाळ, ते मी रोज कशाला इचारू? वाकळ चांगली झाली का, तेवढं बघती.’’ मला वाटते, निवड झाल्यावर आपले लक्ष साधनावरून कामावर गेले पाहिजे. आमची पिढी निवड करते आणि मग जन्मभर दुकानातच उभी राहते.

यंत्र आणि हात यांचे भांडण जुने आहे. १८३० साली फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला. उलट, यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ सालच्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला. त्यामागे बायकोचे कष्ट हलके करण्याची माया आहे, असे ते मानीत. सिंगरच्या चरित्राशी ही गोष्ट जुळो न जुळो, कसोटी मात्र मला पटते. यंत्र कोणाचे कष्ट हलके करते आणि कोणाचे काम हिरावते, हे पाहूनच त्याला घरात घ्यावे. आमच्या काळ्या यंत्रावर आई आता तुकडे जोडते आणि काठ शिवते. मधला धावदोरा हातानेच घालते. दहा दिवसांचे काम सहा दिवसांवर आले आहे, आणि वाकळेचा मऊपणा तसाच राहिला आहे.

लाँगआर्मशी माझे वैर नाही. पुढे वाचल्यावर कळले की अमेरिकेतही ते घरोघरी नसते. पुष्कळ बाया वरचा पदर घरी जोडतात आणि ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांच्याकडे शिवायला देतात. चौरस इंचाच्या दराने मजुरी ठरते. म्हणजे आपल्या पिठाच्या गिरणीसारखेच झाले! जोंधळा घरचा, दळण गिरणीचे. उद्या आमच्या तालुक्यातल्या दहा गटांनी मिळून असे यंत्र घेतले आणि ते बायांच्याच ताब्यात राहिले, तर मी पहिली वाकळ घेऊन जाईन. एकटीला न पेलणारी गोष्ट दहाजणींना पेलते. बारा फुटांची चौकट माजघरात मावत नसेल, पण गावच्या समाजमंदिरात मावेल.

अमेरिकेचाच आणखी एक दाखला देते. तिथल्या अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या बाया शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या वाकळा शिवीत. थंडीत लेकरांच्या अंगावर पांघरूण हवे, म्हणून. १९६६ साली त्या भागातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली, आणि २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात जीज बेंडच्या वाकळा भिंतीवर लागल्या. त्या बायांकडे कापड निवडायला पैसा नव्हता. पण कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी बसवायचा, ही निवड त्यांनी सोडली नाही. आईही हेच करते. हिरव्या लुगड्याचा काठ कुठे लावायचा यासाठी ती अर्धा दिवस घालवते, आणि मी तिला ‘थोडक्यात समाधान मानतेस’ म्हणाले होते!

शेवटी आपल्या कॉलेजविषयी. ‘आर्ट्स करून काय करणार?’ हा प्रश्न इथल्या प्रत्येकाने ऐकला असेल. मनाला विचारले तर उत्तर दोन प्रकारचे येईल. आपल्यापैकी काहीजण इथे आहेत, कारण एस.टी. एवढ्याच कॉलेजपर्यंत येते. त्यांना कोणी समाधानाचे धडे देऊ नयेत; त्यांना दुसरी एस.टी. मिळावी म्हणून भांडावे. काहीजण मात्र समोरच्या सगळ्या वाटा पाहून इथे आले आहेत. मी त्यांतली आहे. दहावीला गणितात मार्क बरे होते, विज्ञानाला जाता आले असते. मी मराठी घेतले, कारण मला जे शिवायचे आहे ते याच सुईने शिवले जाते. तरीही गेली दोन वर्षे मी शेजारच्या पांढऱ्या यंत्राकडे पाहत राहिले. यापुढे वाकळेकडे पाहायचे ठरवले आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, ती जुनी म्हण मी बदलून घेतली आहे. पाय मोजावेत आणि मग अंथरूण शिवावे. स्वतःचे पाय मोजावेत, शेजाऱ्याचे नव्हे; आणि शिवून झाल्यावर त्यावर निर्धास्त झोपावे. सकाळी पाय बाहेर आलेले दिसले, तर लाजू नये. आई म्हणते, ‘‘वाकळंला आणखी एक पट्टी जोडता येती की!’’

— द्वितीय वर्ष, कला