दिव्याचे काम

सांजवात लावणे हे आपल्या घरांतून स्त्रियांचे काम. परंतु विजेचा दिवा बिघडला की हाक जाते ती वायरमनला, आणि तो येईपर्यंत सारे कुटुंब अंधारात बसते. ही वाटणी कोणी ठरविली, कोण जाणे!

राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी काढलेल्या संस्थेने ही वाटणी मोडली. पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या संस्थेत खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा आजी झालेल्या बायकांस सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकविली जाऊ लागली. तरुण पुरुषास शिकवावे, तर दाखला हाती पडताच तो शहराची वाट धरतो. आजीबाई गावातच राहतात, असे रॉय यांचे म्हणणे. आमच्या कित्येक वाचकांचे शिकलेले चिरंजीव आज कोठे आहेत हे आठवले, म्हणजे ते पटू लागते.

या शाळेत परदेशांतूनही बायका येऊ लागल्या. २०१२ साली चिली देशातील कास्पाना गावाहून नात्याने बहिणी असलेल्या दोघीजणी आल्या. अटाकामा वाळवंटात सुमारे ३,३०० मीटर उंचीवर वसलेले हे अटाकामेन्यो आदिवासींचे खेडे. ऊन रखरखीत, वीज मात्र जनित्रावर, संध्याकाळी दोन-अडीच तास. या बायकांस ना हिंदी येत होते, ना इंग्रजी. रंग, खुणा आणि आकृत्या यांवरच शिक्षण झाले. परतल्यावर, २०१३ पासून, त्यांनी गावातील १२७ घरी सौरदिवे बसविले.

साहित्याचा खर्च एका वीज कंपनीने उचलला होता, हेही सांगावयास हवे. परंतु दान देऊन भागत नाही. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. एखादी तार सुटते, नियंत्रक जळतो. देणारा तोवर निघून गेलेला असतो. म्हणून तिलोनियाच्या पद्धतीत प्रत्येक घराने रॉकेल-मेणबत्त्यांवर होणाऱ्या खर्चाइतकी रक्कम दरमहा द्यावयाची आणि तीतून दुरुस्ती करणाऱ्या बाईस वेतन मिळावयाचे.

खरी अडचण तारांची नव्हेच. बाई सहा महिने घराबाहेर राहिली, तर मुले कोणी सांभाळावी? जॉर्डनमधील एका बेदुइन स्त्रीची हकीकत ‘सोलर मामाज’ या २०१२ सालच्या माहितीपटात आली आहे. पतीने मुली काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा ती शिक्षण अर्धवट टाकून परतली. पुढे पुन्हा तिलोनियास येऊन तिने ते पुरे केले.

एकत्र कुटुंबात ही अडचण पडू नये. सासूबाई आहेत, जावा आहेत. तथापि थोरल्या सूनबाईंनी ‘सहा महिने जाऊन एक विद्या शिकून येते’ म्हटले, तर पोळ्यांचा प्रश्न प्रथम कोणाच्या तोंडून निघेल, हे वाचकांनी आज रात्री पंगतीतच विचारून पाहावे.