हेल्मेट कवटी वाचवते, मेंदू नाही

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका उंच इमारतीत शिरून एका तरुणाने चार जणांना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःलाही संपवले. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे ‘एनएफएल’चे मुख्यालय याच इमारतीत आहे. आपल्याला ‘सीटीई’ हा मेंदूचा आजार झाला असून आपल्या मेंदूची तपासणी करावी, अशा आशयाची चिठ्ठी त्याच्याजवळ सापडली. हा तरुण एनएफएलमध्ये कधीच खेळला नव्हता. त्याचा फुटबॉल शाळेपुरताच होता. तरीही दोन महिन्यांनी जाहीर झालेल्या तपासणीत त्याच्या मेंदूत या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील खुणा आढळल्या. त्यावरून गोळीबार आजारामुळेच झाला, असे म्हणता येत नाही. पण एक जुना वाद त्यामुळे पुन्हा पुढे आला.

अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे असते आणि पुढच्या फळीतले खेळाडू जवळपास प्रत्येक डावात एकमेकांवर आदळतात. म्हणूनच डोक्यावर भक्कम हेल्मेट असते. मात्र मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात असतो. वेगात असलेले डोके अचानक थांबले किंवा गर्रकन वळले की मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. हा आतला हेलकावा त्याला पूर्णपणे थांबवता येत नाही.

असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहिले, तर काही जणांच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन बिघडलेल्या स्वरूपात साचू लागते. हाच ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ अर्थात सीटीई. विसराळूपणा, संताप, नैराश्य आणि पुढे स्मृतिभ्रंश, असा त्याचा प्रवास असू शकतो. अडचण अशी की, त्याचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

ही माहिती तशी नवी नाही. मुष्टियोद्ध्यांमधील अशा लक्षणांचे वर्णन अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा नामवंत खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या ५०व्या वर्षी गेला. त्याचा मेंदू तपासणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्यात सीटीई आढळला. २००५ मध्ये त्यांनी तो शोधनिबंधातून मांडला, तेव्हा लीगच्या समितीतील डॉक्टरांनी निबंध मागे घेण्याची मागणी केली. मेंदूच्या दुखापतींसाठी नेमलेल्या या समितीचे प्रमुख बरीच वर्षे एक संधिवाततज्ज्ञ होते! पुढे साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि लीगला तडजोडीत भरपाई मान्य करावी लागली; ती आता एक अब्ज डॉलरपलीकडे गेली आहे. खेळ आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर मान्य केला, तो २०१६ मध्ये.

मग वाद उरला कशाचा? आकड्यांचा. बोस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये जाहीर केले की, तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ३४५ जणांच्या मेंदूत सीटीई होता. हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. पण मेंदू दान करतात ती बहुधा ज्यांना आधीच शंका आली आहे अशी कुटुंबे. त्यामुळे दहापैकी नऊ खेळाडूंना हा आजार होतो, असा अर्थ काढणे चूक ठरेल. संशोधकही हे सांगतात. मात्र या त्रुटीचा आधार घेऊन धोकाच नाकारणे ही दुसरी चूक.

कारण पुरावा दुसऱ्या बाजूनेही आला आहे, तोही आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधून. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूच्या नोंदी सामान्य लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. येथे दान केलेल्या मेंदूंचा प्रश्नच नव्हता. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीनपट निघाले. पुढच्या विश्लेषणात बचावपटूंना धोका सर्वाधिक दिसला. हेडर क्वचितच मारणाऱ्या गोलरक्षकांमध्ये तो फारसा वाढलेला नव्हता.

खरा मुद्दा यापुढचा आहे. खेळाडू मैदानावर कोसळला की सामना थांबतो, डॉक्टर धावतात, त्याला बाहेर बसवतात. हे आवश्यकच आहे. पण ६३१ खेळाडूंच्या मेंदूंवरील २०२३च्या अभ्यासात असे दिसले की, मेंदू हादरल्याच्या नोंदलेल्या घटनांच्या संख्येपेक्षा कारकिर्दीत डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांवरून सीटीईचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. म्हणजे ज्या धक्क्यानंतर खेळाडू उठून पुन्हा रांगेत उभा राहतो, त्याचाही हिशेब होत असतो. म्हणून केवळ मोठ्या दुखापतींवर लक्ष ठेवणारे नियम अपुरे आहेत. एकूण धक्केच कमी करायला हवेत. सरावात ते सहज शक्य आहे. एनएफएलने २०११ पासून पूर्ण टकरीच्या सरावांवर मर्यादा आणली. स्कॉटलंडने २०२० मध्ये १२ वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले.

कोल्हापूर-मुंबईपासून गोव्यापर्यंत फुटबॉल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी घाबरून खेळ बंद करू नये. ग्लासगोच्या त्याच अभ्यासात माजी खेळाडूंमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले होते. पण लहान मुलांकडून हेडरचा सराव किती करून घेता, हे प्रशिक्षकांना जरूर विचारावे. आणि डोक्याला मार लागून मूल गांगरले, त्याला भोवळ आली किंवा मळमळू लागले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये, डॉक्टरांना दाखवावे. सामना पुढच्या आठवड्यातही असतो.