आभार कुणाच्या खात्यावर?



गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी भेटायला गेले होते. घरचा कर्ता गेला. वय अवघं बेचाळीस. संध्याकाळी नेहमीसारखा जेवला, रात्री झोपला, पहाटे उठलाच नाही. मागे बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि म्हातारी आई.

आम्ही आठ-दहा जणी सतरंजीवर बसलो होतो. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. मग आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "देवाचे आभार मान गं. हाल न होता गेला. घर स्वतःचं आहे, मुलं धडधाकट आहेत." लगेच दुसरी म्हणाली, "पूर्वकर्म असतं बाई, कुणाला चुकलंय?" त्या मुलीने नुसता पदर तोंडावर ओढून घेतला.

मी तिथे काही बोलले नाही. दोघी माझ्यापेक्षा मोठ्या, आणि मनाने वाईट मुळीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी पहिला डबा गेला तो त्यांच्यातल्याच एकीचा. पण घरी आले तरी ते शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून आज लिहिते आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. माझं म्हणणं सरळ आहे. दुःखात बुडालेल्या बाईला "देवाचे आभार मान" म्हणणं आपल्या धर्माला धरून नाही, आणि माणुसकीला तर नाहीच नाही.

आधी धर्माचं बघू. आपला देव कोण? वीतराग. ज्याचे राग-द्वेष संपले, तो. तो सृष्टी करत नाही, मोडत नाही, कुणाला देत नाही, कुणाकडून घेत नाही. हे आपण पाठशाळेत सहा-सात वर्षांच्या पोरांना शिकवतो. समंतभद्राचार्यांनी स्वयंभूस्तोत्रात वासुपूज्य भगवंतांच्या स्तुतीत हेच सांगितलं आहे, की वीतरागाला आपल्या पूजेचं काही देणंघेणं नाही आणि निंदेचंही नाही. तरी त्यांचे गुण आठवले की आपलं मन स्वच्छ होतं. म्हणजे पूजेचा लाभ आहे, पण तो आपल्याच आत तयार होतो. वरून कुणी धाडत नाही.

आता मला सांगा, ज्याने नवरा नेला नाही, त्याने मुलं ठेवली असं कसं म्हणायचं? राखण्याचं श्रेय त्याला द्यायचं असेल तर नेण्याचा दोषही त्याच्याच माथी जातो. आपल्या आचार्यांनी ही अडचण ओळखली होती, म्हणून तर कर्ता-हर्ता देव मानलाच नाही. इतर धर्मांत देव कर्ता आहे. तिथे ती आई "देवा, तुझी कृपा" म्हणते तेव्हा तिचं तिच्या जागी बरोबर आहे. त्यांच्या वाटेला मी नाव ठेवत नाही. पण आपण रोज बस्तीत एका वाटेने जायचं आणि संकट आलं की दुसऱ्याच वाटेचं बोलायचं, याला काय म्हणावं?

दुसऱ्यांना बोलायच्या आधी स्वतःची चूक सांगते.

2019 चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर पाहिलेली माणसं "तेव्हा इथवर आलं होतं" म्हणून भिंतीवरची खूण दाखवत बसली आणि पाणी ती खूण ओलांडून गेलं. आमचं घर जुन्या भागात. खालच्या मजल्यावर दुकानाचा माल होता, तो सगळा गेला. आम्हाला वरच्या मजल्यावरून बोटीतून काढलं. बोट वल्हवणारी मुलं विशीतली होती, सकाळपासून उपाशी. माझ्या सासूबाई बोटीत उतरायला घाबरत होत्या, तर एकाने त्यांना लेकरासारखं उचलून घेतलं.

पुढचे काही दिवस एका शाळेतल्या छावणीत. पहिल्या दिवशी भातावर बटाट्याचा रस्सा आला, तोही दिवे लागल्यावर. आम्ही सात-आठ जणी ताटं बाजूला सारून नुसत्याच बसलो. रांधणाऱ्या बाईंनी ते पाहिलं, जवळ येऊन विचारलं, समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दिवस मावळायच्या आत आमच्यासाठी वेगळं पातेलं चढायचं. वरण-भात, कांदा-लसूण-बटाटा काही नाही. तीन-चारशे माणसांचं रांधून वर हे. चौथ्या दिवशी बोलता बोलता कळलं, की त्यांचं घर शामरावनगरात आणि तेही पाण्यातच. आम्ही जेवायचो तेव्हा त्या स्वतःच्या घराचं काय झालं असेल या काळजीत चुलीपाशी उभ्या असायच्या.

पाणी ओसरलं. चिखल काढला. मग आमच्या मंडळाने ठरवलं, एवढ्या संकटातून देवाने तारलं, तर आभार म्हणून एक मोठं विधान करायचं. मांडव घातला, उपाध्ये आले, अभिषेकाच्या कलशांच्या बोली झाल्या. तिसऱ्या कलशाची बोली आमच्या घराने घेतली. दुकानाचा सगळा माल बुडालेला असताना घेतली, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. गंधोदक लावून घरी आले आणि त्या रात्री खरंच शांत झोप लागली.

त्या बाईंचं नाव मी विचारलेलं नव्हतं.

मी बी. कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण पहिल्या वर्षाचा एक नियम अजून पाठ आहे. व्यक्तीचं खातं असेल तर घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या जमा करा. आता समजा, एकाकडून उसने घेतले आणि भलत्याच माणसाच्या खात्यावर जमा लिहिले, तर काय होतं? गंमत अशी, की तेरीज जुळते. दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर येते, चूक कुठे दिसतच नाही. वही बंद करून माणूस निवांत झोपतो. पण ज्याने खरं दिलं, त्याचं देणं तसंच राहतं.

माझं तेच झालं होतं. बोटीवरची मुलं, त्या रांधणाऱ्या बाई, चिखल काढायला बाहेरगावाहून आलेली अनोळखी माणसं, या सगळ्यांचं मी देणं लागत होते. मी ते वीतरागाच्या खात्यावर जमा केलं, ज्याने ना दिलं होतं ना त्याला काही हवं होतं. माझी तेरीज जुळली आणि मला झोप लागली.

आणखी एक गोष्ट तेव्हा मनात आली नाही, ती आज येते. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं बुडाली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. मी बोटीतून सुखरूप उतरले म्हणून देवाने तारलं म्हणत असेन, तर ब्रह्मनाळच्या आईला मी काय सांगू? तुझ्या बोटीकडे त्याचं लक्ष नव्हतं? आपल्या आभारात दुसऱ्याच्या दुःखाचा असा अपमान दडलेला असतो, आणि तो आपल्याला ऐकू येत नाही.

यावर मला काय ऐकावं लागेल ते ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, "मग भक्तामराची कथा खोटी का? मानतुंगाचार्यांची कुलुपं गळून पडलीच ना?" कथेवर माझा वाद नाही. मीही रोज भक्तामर म्हणते. पण कुलुपं आदिनाथ भगवंतांनी येऊन उघडली असं आपलं शास्त्र सांगत नाही. भक्तीत मनाचे परिणाम शुद्ध होतात, त्याने आपल्याच पापकर्माचा जोर ओसरतो, असं सांगतं. संकटात देवापुढे बसू नका, असं मी म्हणतच नाही. उलट तेव्हाच बसा. णमोकार म्हणा. पण हिशोब मांडायला बसू नका.

दुसरं, "पद्मावती माता तर पावते ना?" मग पार्श्वनाथांची कथा पूर्ण आठवा. कमठाच्या धुनीतल्या लाकडात नागाची जोडी होरपळत होती. पार्श्वकुमारांनी लाकूड फोडायला लावलं आणि मरता मरता त्या जोडीच्या कानी णमोकार घातला. तीच जोडी धरणेंद्र-पद्मावती झाली. पुढे भगवान ध्यानात उभे असताना कमठाच्या जीवाने त्यांच्यावर वारा-पावसाचं थैमान घातलं. तेव्हा धरणेंद्र-पद्मावती धावून आले आणि डोक्यावर फणा धरला. भगवंतांना कमठावर राग नव्हता आणि धरणेंद्रावर लोभ नव्हता. ते दोघांकडे सारखेच पाहत राहिले.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातल्या आभाराकडे लक्ष देत नाही. उपकाराची जाण ठेवणारी जोडी उपकार करणाऱ्यावर पाऊस कोसळला तेव्हा त्या पावसात जाऊन उभी राहिली. त्यांनी कुठे मांडव घातला नाही. पद्मावतीपुढे ओटी भरून नवस बोलताना तिची ही गोष्ट कुणाला आठवते? वरदानाच्या आशेने देव-देवतांना पुजणं याला समंतभद्राचार्यांनीच रत्नकरंड श्रावकाचारात देवमूढता म्हटलं आहे. हा शब्द माझा नाही, माझ्यावर रागावू नका.

आता त्या दुसऱ्या वाक्याबद्दल, "पूर्वकर्म असतं." कर्मसिद्धांत खरा आहे. पण तो मी माझ्या दुःखाकडे पाहताना वापरायचा असतो. मला ताप आला, माझी ठेव बुडाली, तेव्हा "माझंच कर्म उदयाला आलं, समतेने सोसू" म्हणावं. त्याने निर्जरा होते. दुसऱ्याच्या दुःखापुढे तेच वाक्य म्हटलं की तो आरोप होतो. बेचाळिसाव्या वर्षी नवरा गेलेल्या मुलीला आपण सांगत असतो, की हे तूच कधीतरी केलं होतंस. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय काढून वाचा. दुसऱ्याला दुःख देणं, शोकात ढकलणं, रडवणं यांनी असाता वेदनीय कर्म बांधलं जातं, आणि जीवांवरच्या अनुकंपेने, दानाने साता वेदनीय. म्हणजे तिचं जुनं कर्म तिला दाखवता दाखवता त्या सतरंजीवर आपणच नवं बांधून उठलो.

आणि पाचवा अध्यायही वाचा. जीवांचं एकमेकांशी नातं काय, तर एकमेकांना उपकारक होणं. महावीर भगवंतांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सगळ्या पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारलं, त्याच्या खाली तेच सूत्र आहे. आपल्या गाड्यांवर, लग्नपत्रिकांवर, मंडळाच्या पावत्यांवर ते छापलेलं असतं. वीतरागाने काय दिलं असा प्रश्न पडला तर उत्तर हेच. त्याने वाट दाखवली आणि एकमेकांकडे बघायला सांगितलं. त्या वाटेसाठी मी रोज हात जोडते, सुखातही आणि दुःखातही सारखेच.

गेल्या महिन्यात मी शामरावनगरात जाऊन आले. दोन-तीन गल्ल्या फिरले, एक-दोन दुकानांत विचारलं. पण नाव माहीत नसल्यावर विचारणार तरी काय? "पुराच्या वेळी छावणीत रांधायच्या त्या बाई" एवढंच सांगत होते. पुरात तिथल्या कितीजणी रांधत होत्या, कुणाला ठाऊक. परत आले. पुन्हा जाणार आहे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, कलशांच्या बोलीतून येणाऱ्या रकमेतला निम्मा भाग आमच्या गल्लीतल्या त्या दोन मुलांच्या शाळेच्या फीसाठी दरवर्षी बाजूला काढायचा, मुलं शिकून उभी राहीपर्यंत. तिच्या सासूच्या औषधाला आम्ही काहीजणी आपापसांत बघू. दुसरं, क्षमावाणीला आपण घरोघर जाऊन क्षमा मागतो, तसं त्या दिवशी प्रत्येकीने निदान एका माणसाच्या दारी जाऊन आभार मानायचे. ज्याने आपल्या अडचणीत खरोखर काही केलं असेल, अशाच माणसाच्या दारी. जात-धर्म न बघता, आणि नाव विचारून.

विरोध होईल. "देवाच्या पैशाला हात लावायचा का?" असं म्हणतील. वीतरागाचा पैसा असतो का, एवढंच मी विचारेन.

तोवर एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी दुःखात असेल तर तिच्याकडे जा, शेजारी बसा. तिची भांडी घासा, मुलांना शाळेत सोडून या, बँकेतले वारसाचे कागद कसे भरायचे ते समजावून सांगा. बोलायला काही सुचलं नाही तर गप्प बसा. तिला आभार मानायला लावू नका.

काही चुकीचं बोलले असेन तर उत्तम क्षमा.
जय जिनेंद्र.