कृतज्ञतेची वही

सांप्रत सुखाचा एक सोपा उपाय जो तो सांगतो : आपल्याला काय काय चांगले लाभले ते वहीत लिहा. उपाय खोटा नाही. २००३ साली एमन्स आणि मॅक्कलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो पडताळून पाहिला. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लाभलेल्या गोष्टी लिहिणारे लोक कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले.

मीही महिनाभर वही लिहिली. पहाटेचा गारवा, आल्याचा चहा, वर्गातल्या मुलांचे हसणे, सारे तीत आले. बरेही वाटले. मग एके दिवशी वही चाळली आणि शरमलो. आमचा जिना झाडणाऱ्या बाईंचे नाव तीत कुठेच नव्हते. असणार कसे? मला ते ठाऊकच नव्हते!

माझा वाद आहे तो इथे. जिचा पत्ता देणाऱ्यालाच लागत नाही, ती कृतज्ञता कसली? शिवाय समाधानाचा हा उपदेश नेहमी वरून खाली वाहतो. धन्याने गड्याला समाधान शिकवायचे आणि पगारवाढीचा विषय टाळायचा! अहो, आधी त्याचे ऋण आपण माना. ऋण लिहून फिटत नाही, ते फेडावे लागते. आपल्या वाडवडिलांनी वसुबारसेला गाईपुढे आणि पोळ्याला बैलापुढे नैवेद्य ठेवला, वही नव्हे.

तेव्हा यंदा दिवाळीची पोस्त उंबऱ्यावरूनच हातावर टेकवू नका. नाव विचारा, आत बोलवा, फराळाची बशी पुढे करा. मजुरी वाढवण्याचेही बोला. मग वही खुशाल लिहा!